पाच सिग्नल आणि सहावा प्रोग्राम

अमेरिकेत कान-नाक-घसा शाखेच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी, २०२०-२१ च्या फेरीत ज्यांनी अर्ज केले, त्यांच्याकडून नंतर एक सर्वेक्षण भरून घेतलं गेलं. हे प्रशिक्षण देणाऱ्या रुग्णालयातल्या विभागाला तिथे प्रोग्राम म्हणतात, आणि ‘मला तुमच्यात खरा रस आहे’ हे मोजक्याच प्रोग्रामांना अधिकृतपणे कळवणाऱ्या खुणेला सिग्नल. त्यात दिसायला साधा, पण फार हुशारीने घातलेला एक प्रश्न होता. तुम्हाला पाच सिग्नल मिळाले होते. आणखी एक मिळाला असता तर तो कोणत्या प्रोग्रामला दिला असता?

उत्तरांतून तीन आकडे निघाले. ज्या प्रोग्रामला सिग्नल दिला, तिथून मुलाखतीचं बोलावणं येण्याचं प्रमाण ५८ टक्के. सिग्नल न दिलेल्या प्रोग्रामांकडून १४ टक्के. आणि तो सहावा, मनात असलेला पण सिग्नल वाट्याला न आलेला, त्याच्याकडून २३ टक्के.

पाचव्या आणि सहाव्या पसंतीत असा कितीसा फरक असतो? अर्ज भरण्याच्या आठवड्यात हे दोन क्रमांक दर रात्री अदलाबदल होत असतात. एका ठिकाणी मावशी राहते, दुसऱ्या ठिकाणचे डोक्या-मानेच्या कर्करोगाचे सर्जन नावाजलेले असतात, आणि शेवटी कंटाळून माणूस कुठेतरी टिचकी मारतो. त्या टिचकीने बोलावण्याची शक्यता दुपटीहून जास्त झाली. या सहाव्या प्रोग्रामकडे नीट पाहिलं की सिग्नल पद्धतीची बलस्थानं कळतात. पुढे याच शाखेने सिग्नल पाचावरून पंचवीसवर नेले तेव्हा नेमकं काय बदललं, तेही इथूनच कळतं.

दार कुठे अडतं

महाराष्ट्रात एमबीबीएस झालेल्या वाचकाला हे सगळं जरा विचित्र वाटेल. आपल्याकडे नीट-पीजीचा रँक आला की चॉइस फिलिंग करायचं, आणि सीईटी सेलच्या कॅप राउंडमध्ये रँकप्रमाणे जागा मिळते. महाविद्यालयाला तुम्ही आवडलात की नाही, हे कोणी विचारत नाही. तुम्ही ऐंशी पर्याय भरलेत की आठ, हेही महाविद्यालयाला ठाऊक नसतं आणि त्याने काही बिघडतही नाही. पसंती एकाच बाजूची असते, म्हणून ती खरी की खोटी हा प्रश्नच उद्भवत नाही.

अमेरिकेत निवड दोन्ही बाजूंनी होते. उमेदवार प्रोग्रामांची क्रमवार यादी देतो, प्रोग्राम उमेदवारांची देतो, आणि संगणक जोड्या लावतो. याला तिथे ‘मॅच’ म्हणतात. १९५२ पासून तो चालू आहे. त्यामागचं गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये मांडलं. त्या लेखाच्या नावातच कॉलेज प्रवेशासोबत विवाह आहेत, आणि वधू-वर सूचक मंडळ पाहिलेल्या माणसाला त्याचं मर्म समजावून सांगावं लागत नाही. आल्विन रॉथ यांनी एका सहकाऱ्यासह मॅचची पद्धत नव्याने आखली, ती १९९८ पासून वापरात आली. २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल रॉथ आणि शॅप्ली यांना मिळालं.

पण हे नोबेलवालं गणित सुरू होतं मुलाखतींनंतर. प्रोग्राम आपल्या यादीत ज्यांना भेटला त्यांनाच घेतो. ज्याला मुलाखतीला बोलावलंच नाही, त्याने त्या प्रोग्रामला पहिल्या क्रमांकावर लिहिलं काय आणि लिहिलंच नाही काय, दोन्ही सारखंच. खरी गर्दी त्याआधीच्या दारात होते, आणि त्या दारावर कोणतंही गणित पहारा देत नव्हतं. तिथे फक्त अर्जांचा ढीग होता.

कान-नाक-घसा ही तिथली लहान पण अतिशय चुरशीची शाखा. देशभरात सव्वाशेच्या आसपास प्रोग्राम, साडेतीनशेच्या आसपास जागा, म्हणजे एका प्रोग्रामकडे सरासरी तीन. उमेदवार मात्र प्रत्येकी साठ-सत्तर ठिकाणी अर्ज करत होते. का करू नयेत? पुढच्या एका अर्जाला तीसच्या आत डॉलर लागत, आणि मॅच न झाल्यास आयुष्याचं एक वर्ष जातं. प्रत्येकाचा हिशेब आपापल्या जागी बरोबर होता. सगळ्यांचे हिशेब एकत्र आले की तीन जागांच्या प्रोग्रामकडे तीन-साडेतीनशे अर्ज येऊन पडत. ते वाचणारे डॉक्टर दिवसा शस्त्रक्रिया करणारे. मग स्टेप वन या डॉक्टरी परवान्याच्या पहिल्या परीक्षेचा तीन आकडी गुण लावून वरचे शंभर बाजूला काढायचे, हा सोपा मार्ग. (२६ जानेवारी २०२२ पासून स्टेप वन नुसती पास-नापास झाली आणि तीही चाळणी गेली, पण ते पुढचं.)

या चाळणीत एक माणूस हमखास गळतो. गुण मध्यम, पण याच गावी येऊन राहायला मनापासून तयार असलेला. आणि एक माणूस हमखास आत येतो: गुण उत्तम, पण या प्रोग्रामचं नाव त्याने यादी भरता भरता टाकलेलं. पहिल्याला प्रोग्राम ओळखू शकत नाही, दुसऱ्यालाही नाही. दोघांचेही अर्ज “आपल्या संस्थेत शिकण्याची माझी मनापासून इच्छा आहे” असंच सांगत असतात.

परिच्छेदाचा प्रयोग

सिग्नलच्या आधी याच शाखेने दुसरा उपाय करून पाहिला होता, आणि तो सांगितल्याशिवाय ही कथा अपुरी राहील. २०१५ च्या सुमारास प्रोग्राम डायरेक्टरांच्या संघटनेने ठरवलं की उमेदवाराने आपल्या निवेदनात प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळा परिच्छेद लिहावा: मला तुमच्याकडेच का यायचं आहे. तर्क चुकीचा नव्हता. सत्तर परिच्छेद लिहायचे म्हटल्यावर माणूस सत्तर अर्ज करणार नाही.

प्रत्यक्षात परिच्छेद एकमेकांची भावंडं निघाली. संकेतस्थळावरून दोन प्राध्यापकांची नावं उचलायची, शहराच्या आसपासच्या डोंगरांचं कौतुक करायचं, झालं. वाचणाऱ्याला नवं काही कळेना आणि लिहिणाऱ्याचा जीव जाई. दरम्यान या शाखेकडे वळणाऱ्यांची संख्या घटली, आणि २०१७ व २०१८ च्या मॅचमध्ये कान-नाक-घशाच्या काही जागा चक्क रिकाम्या राहिल्या. या शाखेच्या इतिहासात हे धक्कादायक होतं. सगळा दोष परिच्छेदाचा नव्हता. ‘अमुक गुणांखाली असाल तर इकडे फिरकूच नका’ ही हवाही तितकीच कारणीभूत होती. पण सक्ती मागे घ्यावी लागली.

परिच्छेद का फसला, हे महत्त्वाचं. कष्ट हा खरेपणाचा पुरावा ठरत नाही. कष्ट वाढवले की गरजू माणूस ते उपसतो, आणि सगळेच गरजू असतात. परिच्छेद कितीही ठिकाणी लिहिता येत होता. एका ठिकाणी लिहिला म्हणून दुसऱ्या ठिकाणचा हक्क जात नव्हता.

दोन सिग्नल, काही गुलाब

हा नेमका मुद्दा अर्थशास्त्रज्ञांनी स्वतःच्या नोकरीच्या बाजारात आधीच सोडवून पाहिला होता. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने २००६ पासून पीएचडी संपवून प्राध्यापकी शोधणाऱ्या उमेदवारांना दोन सिग्नल द्यायला सुरुवात केली. दोनच. अर्ज कितीही करा, पण ‘मला तुमच्यात खरा रस आहे’ हे अधिकृतपणे दोनच विभागांना कळवता येईल. ही योजना आखणाऱ्यांतही रॉथ होते. दक्षिण कोरियात ऑनलाइन जोडीदार शोधणाऱ्यांवर असाच एक प्रयोग झाला. तिथे सिग्नल म्हणून मोजकेच आभासी गुलाब दिले होते. गुलाबासह गेलेलं आमंत्रण स्वीकारलं जाण्याची शक्यता वाढली. सर्वांत जास्त मागणी असलेल्यांवर मात्र त्याचा परिणाम कमी झाला आणि बाकीच्यांवर जास्त.

हे पटण्यासारखं आहे. ज्याच्या दारात रांग लागलेली असते, त्याला ‘तुम्ही मला आवडता’ हे ऐकून काही नवं कळत नाही. मधल्या फळीतल्या प्रोग्रामची चिंता वेगळी असते. एवढ्या उत्तम गुणांची मुलगी आमच्याकडे कशाला येईल? हिला बोलावून मुलाखतीची एक जागा वाया तर जाणार नाही ना? आपल्याकडे मुलाकडचे म्हणतात ना, “स्थळ फारच मोठं आहे, आपल्याला नाही जमायचं,” आणि पत्रिका परत करतात. मुलीला हेच घर आवडलेलं असतं हे त्यांना कधी कळतच नाही. सिग्नलचं काम इथे सुरू होतं.

अर्थात सिग्नलच्या आधी आवड कळवण्याचा मार्ग नव्हताच, असं नाही. एक मार्ग होता आणि तो फार प्रभावी होता: फोन. मोठ्या विद्यापीठातले विभागप्रमुख दुसऱ्या विभागप्रमुखांना फोन करत. आमचा मुलगा आहे, चांगला आहे, त्याला तुमच्याकडे यायचंय. याला मराठीत वशिला म्हणतात, आणि अर्थशास्त्राच्या भाषेत तोही सिग्नलच आहे. कारण मोठा माणूस असे फोन दहा-बारा ठिकाणी करू शकत नाही, केले तर त्याच्या शब्दाची किंमत जाते. फोन खरा असे, कारण तो दुर्मीळ असे. अडचण एवढीच की ज्याच्या कॉलेजात कान-नाक-घशाचा नावाजलेला विभागच नाही, त्याच्यासाठी फोन करायला कोणी नव्हतं. पाच सिग्नल म्हणजे प्रत्येकाच्या हातात पाच छोटे फोन दिल्यासारखं झालं. फोन बंद झाले असं मात्र मी म्हणणार नाही.

२०२० चं वर्ष

कोविड नसता तर ही योजना कदाचित आणखी काही वर्षं चर्चेतच राहिली असती. २०२० मध्ये दुसऱ्या रुग्णालयात महिनाभर जाऊन काम करायची सोय, ज्याला अवे रोटेशन म्हणतात, जवळपास बंद पडली. उमेदवार आणि प्रोग्राम एकमेकांना पारखत होते ते याच महिन्यात. शिवाय सगळ्या मुलाखती ऑनलाइन झाल्या.

ऑनलाइन मुलाखतीचा दुष्परिणाम लगेच लक्षात येत नाही. पूर्वी मुलाखतीला विमानाचं तिकीट आणि हॉटेलचा खर्च होता. वीस बोलावणी आलेला विद्यार्थी दहा-बारा ठिकाणी जाऊन थांबायचा; उरलेली नाकारायचा आणि ती दुसऱ्या कोणाला जायची. आता घरी बसून, वर कोट आणि खाली पायजमा घालून, सगळ्या वीस मुलाखती देता येणार होत्या. वरच्या फळीतले थोडे जण बरीचशी बोलावणी अडवून बसतील, ही भीती रास्त होती.

मग या शाखेच्या प्रोग्राम डायरेक्टरांच्या संघटनेने स्वतःच योजना चालवली. जवळपास सगळ्या शाखांचे अर्ज तेव्हा ज्या ईआरएस प्रणालीतून जात, तिच्या बाहेर. प्रत्येक उमेदवाराला पाच सिग्नल. त्यांच्यात क्रम नाही, पाचही सारखेच. स्वतःच्या कॉलेजच्या प्रोग्रामला सिग्नल द्यायचा नाही, कारण तिथे तुम्हाला सगळे ओळखतातच. प्रत्येक प्रोग्रामला फक्त त्याला सिग्नल दिलेल्यांची यादी मिळेल. बाकीचे चार कुठे गेले ते कळणार नाही. आणि हे सगळं मुलाखतीला कोणाला बोलवायचं एवढं ठरवण्यापुरतंच. शेवटच्या क्रमवारीत त्याचा विचार करायचा नाही.

या शेवटच्या नियमावर पहारा कसा ठेवणार, हा प्रश्न तेव्हाही होता. एकदा पाहिलेलं न पाहिल्यासारखं करा, असं सांगण्यासारखंच ते.

तीन आकडे पुन्हा

आता ५८, २३ आणि १४ कडे परत येऊ. घाईत वाचणारा म्हणेल, सिग्नल दिल्यामुळे शक्यता १४ वरून ५८ वर गेली, चौपट झाली. हे चूक आहे, आणि तो सहावा प्रश्न याच चुकीपासून वाचवण्यासाठी विचारला होता. माणूस सिग्नल आंधळेपणाने देत नाही. जिथे आपलं जमण्यासारखं आहे, गुण बसण्यासारखे आहेत, काही ना काही धागा आहे, अशा जागी देतो. तिथे त्याला सिग्नलविनाही थोडी जास्त बोलावणी आली असती. किती जास्त? सहावा प्रोग्राम तेच सांगतो: १४ ऐवजी २३. हे नऊ टक्के उमेदवाराच्या स्वतःच्या पारखीचे. उरलेले ३५ टक्के सिग्नलच्या खात्यावर.

पण या ३५ मध्येही एक मेख आहे, आणि ती मला जास्त रंजक वाटते. सिग्नल पद्धत नसती तर त्या सहाव्या प्रोग्रामने या उमेदवाराला किती वेळा बोलावलं असतं? २३ टक्केच? बहुधा जास्त. कारण आता त्या प्रोग्रामच्या हातात एक नवी माहिती आहे: या मुलाने आम्हाला पाचांत धरलेलं नाही. आपण त्याच्या यादीत सहाव्या क्रमांकावर आहोत की साठाव्या, हे त्यांना दिसत नाही. दोन्ही मौनं सारखीच दिसतात. मुलाखतींच्या एकूण जागा तर वाढलेल्या नाहीत. सिग्नल दिलेल्यांना जे जास्त मिळालं ते कुठून तरी कमी झालंच असणार. म्हणजे ३५ टक्क्यांत पाचव्याचा फायदा आहे तसा सहाव्याचा तोटाही आहे, आणि दोन्ही एकाच उमेदवाराच्या पदरात पडलेले आहेत.

याला अन्याय म्हणावा का? मी म्हणणार नाही. आवड कळवायची तर नावड नाही तरी ‘कमी आवड’ कळणारच. पाचांपैकी प्रत्येकाकडून बोलावणं येण्याची शक्यता जवळपास सहा दशांश आणि बाकी साठ ठिकाणी दहात दीड, हे पूर्वीच्या ‘सगळीकडे थोडं थोडं’पेक्षा बरं, असं बहुतेक उमेदवारांनाही वाटलं, सर्वेक्षणात मोठ्या बहुमताने त्यांनी आणि त्याहून मोठ्या बहुमताने डायरेक्टरांनी योजना चालू ठेवायला कौल दिला. परिणाम वरच्या फळीतल्या उमेदवारांपुरता नव्हता, खालपर्यंत दिसत होता. एवढं मात्र लक्षात ठेवायला हवं की हे सर्वेक्षण होतं. ज्याचा मॅच झाला तो फॉर्म आनंदाने भरतो.

पाचाचे पंचवीस

पुढच्या दोन-तीन वर्षांत सिग्नल ही अमेरिकेतली घरोघरची गोष्ट झाली. २०२१-२२ मध्ये इंटर्नल मेडिसिन, जनरल सर्जरी आणि त्वचारोग या शाखांनी ते ईआरएसमार्फत आजमावले. २०२२-२३ मध्ये ऑर्थोपेडिक्सने एकदम तीस सिग्नल दिले आणि सगळे चमकले. त्याच वर्षी स्त्रीरोग-प्रसूतीशास्त्राने अठरा दिले, पण दोन रंगांत: तीन सोन्याचे, म्हणजे सर्वांत जास्त पसंतीचे, आणि पंधरा चांदीचे. कान-नाक-घशाने २०२३-२४ च्या फेरीत पंचवीसवर उडी मारली. न्यूरोसर्जरीनेही पंचवीसच ठेवले.

पाच आणि पंचवीस यांत फरक पाचपटीचा नाही, जातीचा आहे. पाठीमागचा हिशेब पाकिटाच्या मागे मांडता येतो. ढोबळ आकडे घेऊ: सहाशे उमेदवार, सव्वाशे प्रोग्राम. पाच-पाच सिग्नल म्हणजे एकूण तीन हजार. एका प्रोग्रामच्या वाट्याला सरासरी चोवीस. मुलाखतीला तो बोलावणार समजा चाळीस जणांना. म्हणजे सिग्नलवाले सगळे बोलावले तरी सोळा खुर्च्या रिकाम्या राहतात, आणि त्या भरायला सिग्नल न दिलेल्यांकडे वळावंच लागतं. त्या सोळा खुर्च्यांत सहाव्या पसंतीवाला बसू शकतो.

आता पंचवीस-पंचवीस करा. एकूण पंधरा हजार. प्रोग्रामला सरासरी एकशेवीस. चाळीस खुर्च्यांसाठी एकशेवीस सिग्नलवाले रांगेत. सिग्नल नसलेला अर्ज उघडण्याचं कारणच उरत नाही. पाच सिग्नलांच्या काळात सिग्नल म्हणजे बक्षीस होतं. न मिळालं तर थोडी पीछेहाट. पंचवीसच्या काळात ते प्रवेशपत्र झालं. नसेल तर हॉलमध्ये येऊ नका; असेल तर आत या, पण आत गर्दी आहेच, आणि ती हटवायला पुन्हा गुण, शिफारसपत्रं आणि शोधनिबंध.

म्हणजे सव्विसावा कोण हे आता महत्त्वाचं. पण सव्विसाव्याचं दुःख सहाव्याइतकं नसतं. सहावा खरोखर आवडता असू शकतो. सव्विसावा क्वचितच.

हे नकळत झालेलं नाही, मुद्दाम केलं आहे. ‘तुम्ही जास्तीत जास्त तीसच अर्ज करा’ असा थेट नियम करायला कोणीच धजत नाही. उमेदवाराच्या अर्ज करण्याच्या स्वातंत्र्यावर गदा आल्याची ओरड होईल, कोर्टकचेऱ्यांचं भयही आहे. पण पंचवीस सिग्नल द्या आणि सिग्नलविना कोणी बोलावत नाही हे पसरू द्या, की उमेदवार आपणहून अर्ज कमी करतो. झालंही तसंच. ज्या शाखांनी सिग्नल वाढवले तिथे प्रत्येकी अर्जांची संख्या खाली आली. डायरेक्टरांना वाचायला कमी अर्ज, उमेदवाराच्या खिशाला कमी भार. परिच्छेदाने जे साधलं नाही ते याने साधलं. उद्दिष्ट अर्ज कमी करणं हेच असेल तर हा चोख कारभार म्हणावा लागेल.

माझी तक्रार एवढीच की याला अजूनही ‘पसंती कळवणं’ म्हणतात. पंचवीस ठिकाणी सांगितलेली पसंती फारसं काही कळवत नाही. सोने-चांदीची विभागणी त्यावरचाच उतारा आहे: तीस-पस्तीस सारख्या नाण्यांत पुन्हा दोन-तीन दुर्मीळ नाणी टाकायची, म्हणजे मूळचे पाच सिग्नल मागच्या दाराने परत आणायचे. त्वचारोगाने २०२३-२४ मध्ये तीन सोन्याचे आणि पंचवीस चांदीचे ठेवले ते यामुळेच.

एक लहान बदल मात्र बोचणारा आहे. पाचांच्या काळात स्वतःच्या कॉलेजला सिग्नल द्यायचा नसे. जास्त सिग्नल देणाऱ्या शाखांत, ऑर्थोपेडिक्सने घालून दिलेल्या पायंड्याप्रमाणे, घरच्या प्रोग्रामला आणि जिथे अवे रोटेशन केलं तिथेही सिग्नल द्यायला सांगतात. कारण समजण्यासारखं आहे; न दिल्यास ‘याला आमच्याकडे यायचंच नाही’ असा अर्थ निघेल. पण मग महिनाभर जाऊन राबलेल्या मुलाचा सिग्नल आणि संकेतस्थळ वाचून दिलेला सिग्नल एकाच मापाचे.

सोलापूरहून पाहताना

कान-नाक-घशात परदेशी पदवीधर अगदी विरळा. आपल्याकडचे बहुतेक जण जातात ते इंटर्नल मेडिसिनमध्ये, आणि त्या शाखेने २०२४-२५ च्या फेरीत सात सिग्नलांचे पंधरा केले: तीन सोन्याचे, बारा चांदीचे. त्यामुळे वरचा हिशेब त्यांना वेगळ्या रीतीने लागू पडतो.

समजा, सोलापूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून पास झालेली एक मुलगी आहे. इंटर्नशिप झाली, परवान्याच्या दुसऱ्या परीक्षेचा, स्टेप टू सीकेचा, गुण चांगला आला, दोन महिन्यांची ऑब्झर्व्हरशिप, म्हणजे रुग्णालयात नुसतं पाहत शिकणं, मिशिगनमध्ये झाली. २०२४ च्या मॅचमध्ये अमेरिकी एमडी कॉलेजातल्या (तिथे एमडी ही पहिलीच वैद्यकीय पदवी) अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी ९३.५ टक्क्यांना जागा मिळाली, अमेरिकी नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी ५८.५ टक्क्यांना. त्यामुळे ती शंभराहून अधिक ठिकाणी अर्ज करते, जसं तिच्या आधीच्या सगळ्यांनी केलं. २०२४-२५ च्या फेरीत अर्जशुल्काची रचना बदलली: पहिल्या तीस अर्जांना प्रत्येकी ११ डॉलर, एकतिसाव्यापासून प्रत्येकी ३०. शंभर अर्जांचे २,४३० डॉलर होतात. हा खर्च सोलापुरात बसून भरायचा आहे.

तिच्यापुढची अडचण अमेरिकी विद्यार्थ्याहून वेगळी आहे. त्याला कॉलेजमध्ये सल्लागार असतो, जो सांगतो की तुझ्या गुणांना हे दोन सोन्याचे फुकट जातील, इथे चांदीचा पुरे. तिला हे सांगणारा बहुधा दोन वर्षांपूर्वी मॅच झालेला एखादा सीनिअर, किंवा टेलिग्रामचा ग्रुप. आणि ग्रुपचा सल्ला सगळ्यांना एकच मिळतो. ‘हा प्रोग्राम परदेशी पदवीधरांना अनुकूल’ असं तिथे पडलं की शेकडो सिग्नल त्या एकाच दारावर जातात. दुर्मीळपणातून आलेली किंमत एका संध्याकाळी उतरते.

सिग्नल फुकट जाण्याचे मार्गही तिच्यासाठी जास्त. प्रोग्राम फक्त जे-वन व्हिसा देतो आणि तिला एच-वन-बी हवा असेल तर गेला. पदवीला पाच वर्षांहून जास्त झाली असतील तर अर्जच उघडत नाहीत, अशी अट असलेल्या ठिकाणी दिला तर गेला. मोठ्या विद्यापीठाचं नाव पाहून सोन्याचा दिला आणि त्यांच्या सध्याच्या रेसिडेंटांत एकही परदेशी पदवीधर नसेल तर तोही बहुतेक गेला. प्रोग्रामच्या संकेतस्थळावर रेसिडेंटांचे फोटो आणि कॉलेजांची नावं असतात. एक रात्र ती मोजत बसणं हे कुठल्याही सल्ल्याहून उपयोगी. कोरियातले गुलाब इथे आठवावेत. न्यू जर्सीतलं किंवा मिशिगनमधलं मध्यम आकाराचं कम्युनिटी हॉस्पिटल, जिथे दरवर्षी शेकडो सारखे अर्ज येतात आणि खरंच येईल कोण हे कळत नाही, तिथे सोन्याच्या सिग्नलला वजन आहे.

ऑब्झर्व्हरशिप केली त्या मिशिगनच्या हॉस्पिटलला सोन्याचा द्यायचा का? पाच सिग्नलांच्या जुन्या तर्काने नाही, ते ओळखतातच. पण ऑब्झर्व्हर म्हणजे घरचा विद्यार्थी नव्हे. दोन महिने मागे उभं राहून पाहणाऱ्याला विभाग ओळखतो असं धरणं धाडसाचं. मी असतो तर दिला असता. अर्जाबरोबर तीन भौगोलिक प्रदेशांची पसंतीही विचारतात, तिथे त्याच भागाचं नाव, आणि निवेदनात तिथल्या कामाचा एक खरा प्रसंग. तिन्ही गोष्टी एकच सांगायला हव्यात. सोन्याचा सिग्नल मिशिगनला आणि प्रदेश म्हणून पॅसिफिक किनारा, असं काही जण करतात, आणि वाचणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं.

सप्टेंबरच्या शेवटी अर्ज प्रोग्रामांना दिसू लागतात. त्यानंतर सिग्नल बदलता येत नाही, परत घेता येत नाही, आणि मुलाखतीत “आणखी कुणाला दिलेत?” असं विचारायची प्रोग्रामला मनाई आहे. सोलापुरात ही त्याआधीची रात्र असते. चौदा ठरलेले असतात, बाराव्या चांदीच्या सिग्नलसाठी दोन नावं अजून समोर असतात.